पाचवं नाव

गुरुवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी कालिंदी घोलप परत आली.

मी प्रयोगशाळेच्या खिडकीशी बसलो होतो. समोर संगणक, शेजारी गार झालेला चहा आणि पडद्यावर मी लिहिलेला लेख. लेखातल्या चार नावांच्या यादीखाली पाचवं नाव उमटलं होतं. आधीच्या गुरुवारी मी ते खोडलं होतं. त्याच्या आधीच्याही.

"आली का वं बाई?" मागून आमचे शिपाई तुळशीराममामा यांनी विचारलं.

"आली."

"मग आता?"

"आता काढायची."

मामा जवळ आले, पडद्याकडे बघत उभे राहिले. त्यांना वाचता येत होतं, पण चष्मा घरी. "एवढ्या लांबून येती, तर बसू द्या की घटकाभर," ते म्हणाले. "लगेच काय हाकलायचं."

मी नाव खोडलं. कोणताही बदल केला की त्याचं कारण लिहायला तिथे एक चिंचोळी चौकट असायची. तिच्यात लिहिलं : 'संदर्भ नाही. काढले.' आणि बटण दाबलं. यादी पुन्हा चार नावांची झाली.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं होतील. मी तेव्हा तेहतीस वर्षांचा, सीना नदीच्या अलीकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट. गाळप चालू असतं तेव्हा कारखाना म्हणजे एक जागतं गाव. मार्चअखेर शेवटची मोळी गव्हाणीत पडते, भोंगा एकदा लांबलचक वाजतो, आणि मग आठ दिवसांत सगळं गाव पांगतं. तोडीवाल्यांच्या गाड्या जातात, हंगामी कामगार जातात, कॉलनीतली बायकापोरं आपापल्या गावी जातात. दोऱ्यांवरचे कपडे नाहीसे होतात. नळाशी भांडण उरत नाही. गोदामातल्या साखरेचे नमुने तपासायला आणि मळीच्या टाक्यांचं तापमान दिवसातून दोनदा घ्यायला कुणीतरी मागे राहावं लागतं. ज्याला जायला घर नाही तो राहतो. आई जाऊन वर्ष झालं होतं. भाऊ नाशिकला, सणावारी फोन करायचा. तुळशीराममामा सकाळी चहा आणून द्यायचे, जेवणाच्या सुट्टीला घरी जायचे, ते दुसऱ्या दिवशी सकाळीच. दुपारनंतर बोलायला कुणी नसायचं. संध्याकाळी कधी फोन वाजला आणि मी 'हॅलो' म्हटलं, तर तो आवाज कुणाचा म्हणून मीच दचकायचो.

त्या दिवसांत मला ज्ञानकोश सापडला. इंटरनेटवरचा, मराठीतला; कुणीही लिहावा, कुणीही सुधारावा असा. लिहिणाऱ्यांना तिथे सदस्य म्हणायचे, आणि टोपणनाव चालायचं. मी 'काकवी' घेतलं. आमच्या कारखान्यात निघते ती मळी, काकवी नव्हे; पण आई भाकरीवर काकवी घालून द्यायची, म्हणून तो शब्द.

तिथे 'कवडसा' नावाचा लेख होता. दोन ओळींचा. कवडसा हा ब्राउझर, म्हणजे इंटरनेटची पानं ज्यातून बघायची ती खिडकी. पुण्यातल्या काही तरुण मंडळींनी फावल्या वेळात बांधलेला, फुकट वाटलेला, पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठी. बाकीच्या ब्राउझरांत तेव्हा मराठी अक्षरं मोडून पडायची, काने एकीकडे आणि वेलांट्या दुसरीकडे. कवडशात ती ताठ उभी राहायची. प्रयोगशाळेच्या संगणकावर मी कधीचा तोच वापरत होतो. म्हटलं, याच्याबद्दल दोनच ओळी? आणि लिहायला बसलो.

एप्रिल आणि मे असे दोन महिने मी त्या लेखावर घालवले. आवृत्त्या, तारखा, काय चाललं, काय फसलं. एका वर्तमानपत्रात आलेली सत्काराची बातमी मिळाली, तिच्यात बांधणाऱ्यांची चार नावं होती. ती बातमीच्या संदर्भासकट घातली. लेखात चित्रं हवीत म्हणून कवडशातली एकेक खिडकी उघडून तिचा फोटो काढत बसलो. जूनपर्यंत लेख आठ पानांचा झाला. नागपूरकडच्या एक जुन्या सदस्य होत्या, 'पळसफूल' नावाच्या. त्यांनी लिहिलं, "काकवी, फार देखणा झालाय. मुखपृष्ठावर महिन्याचा लेख म्हणून ठेवू. फक्त त्यावर वाद चालू नको." मला किती आनंद झाला, ते सांगायला शेजारी कुणी नव्हतं. मळीच्या टाकीपर्यंत चालत गेलो आणि तापमान तीनदा घेतलं.

पुढच्याच गुरुवारी पाचवं नाव आलं.

लिहिणारा सदस्य नव्हता. नावाच्या जागी नुसती आकड्यांची माळ. संदर्भ नाही, कारण नाही. कुणी आपलं नाव घुसवतंय, असं वाटलं. असं रोज होतं तिथे; कुणी क्रिकेटच्या लेखात मित्राचं नाव टाकतं, कुणी गावाच्या लेखात सरपंचाचं. नियम साधा होता : छापील किंवा बघता येण्याजोगा पुरावा असेल तर ठेवा, नसेल तर काढा. मी काढलं.

चौथ्या गुरुवारी, अकरा वीसला, नावाबरोबर चिंचोळ्या चौकटीत अक्षरं आली :

'काकवीताई, नाव खरं आहे. का खोडता?'

ताई वाचून मी एकटाच हसलो. खोडलं आणि लिहिलं : 'खरं असेल. पण पुरावा हवा.'

सदस्यांनी बोलायचं तर प्रत्येक लेखामागे चर्चेचं वेगळं पान असतं. या माणसाला ते माहीत नव्हतं. त्याला तेवढी चौकट दिसायची, तर तिच्यातच तो बोलायचा. मग मीही तिच्यातच बोलू लागलो. पानाच्या इतिहासात ते सगळं अजून आहे. एक ओळ त्यांची, एक माझी, मध्ये सात दिवस.

'कसला पुरावा? मी बाप आहे तिचा.'

'बाप हा संदर्भ चालत नाही.'

हे मी लिहिलं. बटण दाबलं, आणि हात तसाच राहिला. लिहिलेलं परत घेता येत नाही तिथे. खोडता येतं, पण खोडलेलंही इतिहासात दिसत राहतं. सात दिवस ते वाक्य मला टोचत होतं.

पुढच्या गुरुवारी अकरा वीसला उत्तर आलं :

'बरोबर. एसटीतसुद्धा कंट्रोलरचा शब्द चालत नाही, शेरा लागतो. पण काकवीताई, नाव लिहितोच.'

"रागावलं न्हाई," तुळशीराममामा म्हणाले. मी त्यांना वाचून दाखवलं होतं. "मानूस चांगलं दिसतंय."

"हो."

"मग घ्या की नाव. पाचव्याला काय तुमचा पाट लागतोय? पंगतीत एक पान वाढवायचं."

"नियम आहे, मामा."

"व्हय, नियम," ते म्हणाले, आणि कपबशी उचलून गेले.

जुलै असाच गेला. चौकटीत नावाशिवाय इतरही यायला लागलं. 'आज बाजार, गाडीला गर्दी.' 'भोगावात पाऊस नाही, तुमच्याकडे?' 'काकवीताई, जेवलात का? तुमचं खोडणं मागच्या बाजारी उशिरा आलं.' मी खोडायचो आणि लिहायचो, 'आमच्याकडेही नाही. संदर्भ नाही. काढले.' एकदा त्यांनी लिहिलं, 'डोळ्याला दिसत नाही नीट, चूकभूल माफ,' आणि नाव दोनदा लिहिलं होतं. मी दोन्ही खोडली.

पळसफूल बाईंचा निरोप आला. "काकवी, तो उपद्रवी माणूस रोखायला हवा. मी पानाला कुलूप लावते, मग सदस्य नसलेल्यांना लिहिता येणार नाही. दोन मिनिटांचं काम. नाहीतर लेख मुखपृष्ठावर जायचा नाही."

मी लिहिलं, "कुलूप नको. राहू द्या."

"मग लेख अडकेल."

"अडकू द्या."

आमची टेलिफोनची लाइन त्या दिवसांत घडीघडी जायची. इतर ब्राउझरांत लाइन गेली की चूक झाल्याचा इंग्रजी मजकूर यायचा. कवडशात पान पांढरं व्हायचं, आणि मधोमध दोनच ओळी उभ्या राहायच्या :

नदीला आला पूर, होडी लागंना काठाला
थांब थांब रे पाव्हण्या, दिवा लाविते वाटेला

किती वर्षं मी त्या ओळी बघत आलो होतो. कारखान्यातली दुपार म्हणजे लांबच लांब पत्रे, त्यांवर ऊन, आणि बंद गिरणीच्या पट्ट्यांवर बसलेली कबुतरं. त्यात लाइन जायची आणि कुणीतरी बाई मला 'थांब' म्हणायची. लाइन परत आली की ओळी जायच्या. मला थोडं वाईट वाटायचं.

ऑगस्टातल्या पहिल्या गुरुवारी अकरा वीसला कुणी आलं नाही.

साडेअकरा झाले. बारा झाले. यादीत चारच नावं होती. मामा दोनदा येऊन गेले. "गाडी चुकली आसंल," म्हणाले. पुढच्या गुरुवारी मी सकाळी नऊपासूनच बसलो. तापमान घ्यायला गेलो नाही. पान पुन्हा पुन्हा उघडत राहिलो. चार नावं, आठ पानं, एकही चूक नाही, कसला वाद नाही. पळसफूल बाईंनी कळवलं, "शांत झालं एकदाचं. सप्टेंबरात लेख मुखपृष्ठावर."

तिसऱ्या गुरुवारी मी कपडे करून बाहेर पडलो.

"कुठं?" मामांनी विचारलं.

"भोगावला."

"बाजाराला?"

"बाजाराला," मी म्हणालो.

भोगाव आमच्यापासून दोन तासांवर, नदीपलीकडे. स्टँडसमोर बाजार भरला होता, दोरखंड, घमेली, मिरच्यांचे ढीग. स्टँडला लागूनच पत्र्याचं एक दुकान, 'शकिला सायबर व झेरॉक्स'. आत चार संगणक आणि गल्ल्याशी चाळिशीची एक बाई, बांगड्या मागे सारून कागद मोजत होती.

"दर गुरुवारी इथे एक वयस्कर गृहस्थ येतात," मी म्हणालो. "घोलप. अकरा वीसला."

"आबा? अकराची गाडी येते, वीस मिनिटं चहा पितात, मग इथं." तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही कोण?"

"मी... काकवी."

तिने कागद खाली ठेवले. मग पदर तोंडाला लावून हसू लागली. "या अल्ला. काकवीताई तुम्ही? आबा मला म्हणायचे, बाई मोठी खमकी आहे गं शकिला, नोकरीवाली असणार, नवऱ्याचंपण ऐकत नसणार."

"कुठे आहेत ते? बरे आहेत ना?"

"डोळ्याचं ऑपरेशन झालंय, मोतीबिंदूचं. डॉक्टरांनी महिनाभर पडद्याकडं बघायचं नाही म्हणून सांगितलंय. पण माणूस घरी बसतोय का? तिकडं बघा."

स्टँडवर, चौकशीच्या खिडकीखाली, बाकावर एक उंच म्हातारा बसला होता. पांढरा सदरा, इस्त्री केलेला. उजव्या डोळ्यावर हिरवं फडकं. उघड्या डोळ्याने तो येणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी वाचत होता.

मी शेजारी बसलो आणि मीच काकवी म्हणून सांगितलं. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं.

"बाईमाणूस समजून किती आदरानं भांडलो मी तुमच्याशी," ते म्हणाले. "पुरुष आहे कळलं असतं तर दोन शिव्या हासडल्या असत्या."

"अजून द्या, आबा."

"आता काय. रिटायर झालो." मग म्हणाले, "दोन आठवडे आलो नाही, तर काम वाढलं नाही ना तुमचं?"

"नाही. कमी झालं."

ते हसले. एक गाडी लागली, माणसं उतरली, कोंबड्या उतरल्या. गाडी गेल्यावर ते बोलायला लागले, कुणी विचारल्याशिवाय, स्टँडवरची माणसं बोलतात तसे.

"या खिडकीत मी एकवीस वर्षं काढली. कालिंदी शाळेतनं सुटली की इथंच बसायची, माझ्या पायाशी. आई तिची, ती नववीत असताना गेली. डाळ भरडताना गायची बाई, आवाज असा काही फार गोड नव्हता, पण ओव्या स्वतःच्या करायची. पोरीनं वहीत उतरवून ठेवल्या. पुढं पुण्याला गेली, कॉम्प्युटर शिकली. एकदा सुट्टीत आली तेव्हा मला म्हणाली, आबा, लाइन गेली की लोकांच्या पडद्यावर चूक झाली म्हणून येतं. माणूस बिचारा वाट बघतोय, आणि वर त्यालाच चूक म्हणायचं? म्हटलं, मग काय म्हणायचं? म्हणाली, आई म्हणायची ते."

माझ्या हातात पिशवी होती. तिचा बंद मी बोटाला गुंडाळत होतो.

"सत्ताविसाव्या वर्षी कावीळ झाली आणि गेली. सहा महिन्यांनी पेपरात सत्कार आला, चौघांचा. ती पोरं वाईट नव्हती. दहाव्याला येऊन रडून गेली होती. पेपरवाल्याला फोटोत जेवढे दिसले तेवढे त्यानं लिहिले. फोटोत ती कुठनं येणार? मग शकिलानं एक दिवस तुमचं पान काढून दाखवलं. एवढं मोठं, तिच्या कामाचं. वरनं खालपर्यंत वाचलं. चारच नावं."

"आबा..."

"तसं नव्हे, तुमची चूक नाही. पण आमच्या खात्यात कसं आहे बघा. गाडी रद्द झाली तर आम्ही वेळेपुढं रद्द म्हणून लिहायचो. गावाचं नाव पुसत नव्हतो फलकावरनं." त्यांनी सदऱ्याच्या बाहीने फडक्याखालचं पाणी टिपलं. "ती गेल्यावर सगळीकडनं मीच खोडून आणलं की तिचं नाव. रेशनकार्डावरनं, मतदार यादीतनं. दाखला घेऊन, रांगेत उभं राहून. लिहायला मिळालं ते फक्त तुमच्या इथं. दर बाजारी. तुम्ही खोडायचात ते एका अर्थी बरंच होतं. कोरं मिळायचं पुढच्या वेळी."

मी तिथे गेलो होतो ते एक गोष्ट कबूल करायलाच. रस्ताभर वाक्य जुळवलं होतं. ते सगळं विसरलो.

"आबा, पुरावा माझ्याकडे होता."

"कसला?"

"तिच्या नावाचा. कवडशातच आहे. मदतीच्या यादीत सगळ्यात खाली एक खिडकी आहे, 'घडवणारे' म्हणून. तिथे पाच नावं आहेत. पाचवं, 'अक्षरं आणि रिकामं पान : कालिंदी घोलप.' लेखासाठी फोटो काढताना तिथपर्यंत मी गेलोच नव्हतो. तुम्ही पहिल्यांदा नाव लिहिलंत त्याच आठवड्यात गेलो. आमच्याच संगणकावर. दुसऱ्या वेळी तिचं नाव आलं तेव्हा मला माहीत होतं."

चौकशीच्या खिडकीतून कुणीतरी तुळजापूरची गाडी लागल्याचं ओरडलं.

"म्हणजे जूनपासून."

"हो."

"मग खोडत का होता?"

समोर एक बाई बाजारातून घेतलेली घमेली मोजून पोत्यात भरत होती. तिच्याबरोबर मीही ती मनात मोजली.

"तिथे दुसरं कुणी येत नव्हतं," मी म्हणालो. "नाव ठेवलं असतं, तर तुम्ही परत आला नसता."

त्यांनी मान फिरवली. आता त्यांचा झाकलेला डोळा माझ्याकडे होता, तो काय बघत होता ते कळायला मार्ग नव्हता. दोन गाड्या आल्या आणि गेल्या. मला वाटलं, आता उठून जावं.

"घरी कोण कोण आहे तुमच्या?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही."

"हं." त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले आणि उठले. "चला. बाजार उठायच्या आत शकिला दुकान बंद करते."

शकिलाबाई डॉक्टरांचं नाव घेऊन ओरडली, पण खुर्ची दिली. एका डोळ्याने, एका बोटाने, आबांनी ते नाव लिहिलं. प्रत्येक अक्षराआधी त्यांचं बोट हवेत थांबायचं. मी वाकून पुढे संदर्भ जोडला, घडवणाऱ्यांच्या खिडकीचं चित्र लावलं. चौकटीत कारण काय लिहायचं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तुम्हीच लिहा. त्यांनी 'शेरा लागला' असं लिहिलं आणि बटण दाबलं.

"आता हे कुणी खोडणार नाही?"

"नाही."

"तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा."

ते नावाकडे बघत बसले. आणि तेवढ्यात लाइन गेली. शकिलाबाईने खास आबांसाठी तो संगणक कवडशावर ठेवला होता. पान पांढरं झालं आणि नदीला पूर आला. आबांनी ओळी मोठ्याने वाचल्या, गाड्या पुकारायचे त्याच आवाजात. मग पडद्यावर नव्हतं तेही म्हटलं, हळू :

"पूर ओसरला बाई, दिस उजाडला नवा
पाव्हणा न्हाई आला, तरी इझवू नको दिवा."

"हे तिने घातलं नाही," मी म्हणालो.

"म्हणाली, एवढं नको आबा. लोकांना वाटेल लाइन येणारच नाही."

शकिलाबाईने पाठ फिरवली आणि झेरॉक्सचं झाकण पुसत राहिली.

माझी गाडी लागली तेव्हा आबा खिडकीपर्यंत आले. काच सरकवून मी नमस्कार केला. ते म्हणाले, "सगळं झालं बघा नीट. पण पुढच्या बाजारी मी करू काय?"

गाडी सुटली.

लेख सप्टेंबरात मुखपृष्ठावर गेला, पाच नावांसह. पळसफूल बाईंनी अभिनंदन केलं. डॉक्टरांनी सांगितलेला महिना संपला, आबांच्या डोळ्यावरचं फडकं निघालं असणार. त्यानंतरचा गुरुवार मी विसरलो नव्हतो, पण वाटही बघत नव्हतो. अकरा वीसला सवयीने पान उघडलं, आणि कालिंदी घोलप गेलेली होती.

चारच नावं. इतिहास उघडला, खोडणारी तीच आकड्यांची माळ. मी परत लिहायला हात उचलला, तोवर अकरा सव्वीस झाले आणि नाव आपोआप परत उमटलं. चौकटीत लिहिलं होतं :

'काकवीताई, मीच. राग नसावा.'

त्यानंतर साडेसात वर्षं दर बाजारी ते नाव सहा मिनिटं नसायचं आणि मग यायचं. नव्या सदस्यांना तो उपद्रव वाटायचा. मी प्रत्येकाला समजावून सांगायचो की याला हात लावू नका. गाळप जोरात चालू असलं, अंगावर बगॅसची, उसाच्या चिपाडांची, धूळ असली, तरी मी अकरा वीसला प्रयोगशाळेत यायचो. त्या सहा मिनिटांत मामासुद्धा बोलायचे नाहीत. नाव आलं की म्हणायचे, "चला, पोचली."

एका गुरुवारी नाव गेलं आणि आलं नाही. अकरा सव्वीस, अकरा पस्तीस, पावणेबारा. मी चार नावांकडे बघत होतो. बारा वाजता मी स्वतः लिहिलं, पहिल्यांदाच, माझ्या हाताने, का-लिं-दी. बटण दाबतो तोच फोन वाजला. शकिलाबाई.

"दादा, इथं लाइट गेलीय. आबांनी खोडलं आणि लाइट गेली. घामेघूम झालेत. विचारतायत, नाव आहे का?"

"आहे म्हणावं. मी लिहिलंय."

तिने तिकडे सांगितलं. मागून आबांचा आवाज आला, सबंध स्टँडला ऐकू जाईल असा.

"काकवीताईनं लिहिलं ना? मग आता संदर्भ नको."

आबा गेले त्याला सात वर्षं झाली. मामा त्याच्या आधीच गेले. कवडसा आता कुणी वापरत नाही. आजची पानं त्यात उघडतही नाहीत. प्रयोगशाळेतला जुना संगणक भंगारात निघाला तेव्हा मी तो क्वार्टरवर आणला. गुरुवारी साप्ताहिक सुट्टी मागून घेतली आहे. अकरा वीसला आधी फोनवर ते पान बघतो. पाच नावं असतात. खोडत नाही, लिहीत नाही. मग जुना संगणक चालू करतो, कवडसा उघडतो, आणि मागची लाइनची तार काढून ठेवतो. पान पांढरं होतं आणि नदीला पूर येतो.